वजाबाकीची श्रीमंती

1979 सालचा उन्हाळा अमेरिकेत पेट्रोलच्या रांगांचा होता. इराणमध्ये क्रांती झाली होती, तेलाचे भाव भडकले होते आणि नवी गाडी घेण्याचा विचार मध्यमवर्गानं पुढे ढकलला होता. अशा उन्हाळ्यात 4 जुलैला, म्हणजे ऐन स्वातंत्र्यदिनी, आर्कान्सा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी नावाच्या लहान गावात एक दुकान उघडलं. नाव 'ऑटो शॅक'. माल: बॅटऱ्या, ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर, वायपर, स्पार्क प्लग. पहिल्या दिवसाचा गल्ला 300 डॉलरांचा.

दुकानाचा मालक मोटारींच्या धंद्यातला नव्हताच. जे. आर. हाइड तिसरे, ज्यांना सगळे 'पिट' म्हणत, हे मेम्फिसच्या मेलोन अँड हाइड या घाऊक किराणा पेढीचे वारस. आजोबांनी 1907 साली भागीदारीत काढलेली ही पेढी 1968 मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्यांच्या हाती आली. किराण्याचं गणित त्यांना पाठ होतं: माल झपाट्यानं फिरतो, पण डॉलरमागे हातात उरतात ते चिल्लर पैसे. हाइड काही वर्षं वॉलमार्टच्या संचालक मंडळावर होते. स्वस्त भाव, झगझगीत उजेड, पुसलेल्या फरशा आणि आल्यागेल्याशी गोड बोलणारी माणसं एवढ्या भांडवलावर सॅम वॉल्टन काय उभं करतो आहे, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. मग हेच सगळं एखाद्या कळकट धंद्यात नेलं तर?

सुट्या भागांचा धंदा तेव्हा खरंच कळकट होता. माल मुख्यतः गॅरेजवाल्यांसाठी. काउंटरपलीकडे खोकी, काउंटरवर तेलकट बोटांनी चाळून काळे पडलेले जाडजूड कॅटलॉग, आणि भाव माणूस बघून सांगितलेला. पुण्याच्या नाना पेठेत पहिल्यांदाच स्पेअर पार्ट घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला कधी कधी आपण उगाच मध्ये तडमडलो असं वाटतं. अमेरिकेतल्या साध्या गाडीमालकाचीही तीच गत होती. हाइड यांनी किराण्याच्या दुकानाची मांडणी उचलून इथं आणली. किंमत खोक्यावर छापलेली, ती सगळ्यांना एक. गिऱ्हाइकाच्या गाडीचं बोनेट उघडून काय बिघडलंय ते पार्किंगमध्येच बघायला नोकर बाहेर येणार. हवी ती अवजारं अनामत ठेवून घरी न्यायची, काम झालं की परत करायची.

पुढची काही वर्षं भराभर सांगून टाकतो, कारण त्यांत नवल फारसं नाही. 1984 मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीनं कर्जाच्या जोरावर मेलोन अँड हाइड विकत घेतली आणि नंतर सुट्या भागांची दुकानं किराण्यापासून वेगळी झाली. 'शॅक' या शब्दावरून रेडिओ शॅक या दुकानसाखळीनं कोर्टात खेचलं, तेव्हा 1987 मध्ये नाव बदलून 'ऑटोझोन' करावं लागलं. दाव्यानं कंपनीचं भलंच केलं म्हणायचं. शॅक म्हणजे झोपडी, आणि या दुकानाला झोपडीपासूनच लांब जायचं होतं. त्याच वर्षी कागदी कॅटलॉग जाऊन काउंटरवर संगणक आला. गाडीचं वर्ष, मॉडेल आणि इंजिन सांगा, पडदा भाग दाखवील. 1991 मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी झाली आणि पुढच्याच वर्षी वार्षिक विक्री 100 कोटी डॉलरांवर गेली.

खरी गोष्ट सुरू होते ती 1998 पासून. त्या वर्षी ऑटोझोननं चीफ ऑटो पार्ट्स ही मुख्यतः कॅलिफोर्नियात पसरलेली 560 दुकानांची साखळी 28 कोटी डॉलरांना घेतली. इतकी दुकानं एका घासात गिळल्यावर पचायला वेळ लागणारच. शेअरचा भाव रेंगाळला. इंटरनेटच्या कंपन्यांच्या मागे वेडं झालेल्या बाजाराला ब्रेक पॅड विकणाऱ्या मेम्फिसच्या कंपनीत रस उरला नव्हता. त्याच वर्षी संचालक मंडळानं ठरवलं की बाजाराला आपले शेअर नको असतील तर आपणच ते घ्यावेत.

आणि त्याच सुमाराला एडवर्ड लॅम्पर्ट हा तिशीतला गुंतवणूकदार ऑटोझोनचे शेअर गोळा करत होता. गोल्डमन सॅक्समधून बाहेर पडून त्यानं 1988 मध्ये ईएसएल नावाचा फंड काढला होता. 1999 मध्ये तो ऑटोझोनच्या संचालक मंडळावर आला. त्याचा हट्ट साधा होता. नवं दुकान काढण्यात घातलेला डॉलर जास्त कमावतो की स्वतःचा शेअर विकत घेण्यात घातलेला, ते मोजा. जास्त कमावतो तिकडे पैसा घाला. शेअरच्या तेव्हाच्या भावाला उत्तर जवळजवळ नेहमी एकच यायचं: शेअर घ्या.

या लॅम्पर्टबद्दल एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो माणूस कसा आहे ते त्यातून कळतं. जानेवारी 2003 मध्ये कनेटिकटमधल्या ग्रेनिच गावी, कार्यालयाच्या पार्किंगमधून त्याचं अपहरण झालं. मोटेलच्या खोलीत त्याला दिवसभराहून जास्त डांबून ठेवलं होतं. तिथं बसून त्यानं अपहरणकर्त्यांशी घासाघीस केली आणि बाहेर गेल्यावर पैसे पाठवतो या बोलीवर स्वतःची सुटका करून घेतली. चोरांनी त्याच्याच क्रेडिट कार्डावर पिझ्झा मागवला होता. अशा माणसापुढे दुकानांची डागडुजी करायला पैसे मागणाऱ्या व्यवस्थापकाचं काय होत असेल, याची कल्पना करावी.

2001 मध्ये स्टीव्ह ओडलंड मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि लॅम्पर्टचं गणित दुकानाच्या फळीपर्यंत पोचलं. यातली सगळ्यात मोठी गंमत उधारीची आहे. सुट्या भागांचा माल फार हळू फिरतो. किराणा दुकानातलं दूध दोन दिवसांत जातं. पण 1994 च्या ब्यूइकचा अल्टरनेटर कधी लागेल ते ब्यूइकलाच ठाऊक. एका दुकानात वीस हजारांच्या वर वेगवेगळ्या वस्तू, आणि सगळा माल वर्षातून जेमतेम दीड वेळा फिरणारा. एवढा माल फळीवर झोपवून ठेवायचा म्हणजे दुकानदाराचं भांडवल अडकलंच. ओडलंड यांच्या काळात ऑटोझोननं हे ओझं पुरवठादारांच्या गळ्यात टाकलं. बिलं फेडायची मुदत लांबवत नेली. काही मालाच्या बाबतीत तर 'स्कॅन होईल तेव्हा पैसे' असा करार झाला; वस्तू फळीवर आहे तोवर ती पुरवठादाराची, गिऱ्हाइकानं काउंटरवर आणली की त्या क्षणी ऑटोझोनची, आणि तेव्हाच देणं लागू. पुरवठादार तरी ऐकणार नाही तर काय करणार? हजारो दुकानं असलेलं गिऱ्हाईक सोडून तो जाणार कुठे? कंपनीची हमी असल्यामुळे बँका पुरवठादारांची बिलं वटवून त्यांना लवकर पैसे देत, त्यामुळे त्यांची कुरकुरही आवाक्यात राहिली. हळूहळू पुरवठादारांची देणी दुकानातल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त झाली आणि नंतर सातत्यानं जास्तच राहिली. म्हणजे फळीवरचा सगळा माल दुसऱ्याच्या पैशानं भरलेला, आणि वर आणखी थोडे पैसे वापरायला मोकळे.

या मोकळ्या पैशातून आणि नफ्यातून शेअर विकत घ्यायचे. शिवाय कर्जही काढायचं, पण बेतानं: वार्षिक रोख मिळकतीच्या अडीच पट, दुकानांची भाडी त्या हिशोबात धरून. नफा वाढला की अडीच पटीची मर्यादा आपोआप वर सरकते, म्हणून आणखी कर्ज, आणखी शेअर. कंपनीनं हे माप वर्षानुवर्षं उघडपणे जाहीर करून पाळलं, म्हणून पतमानांकन संस्थाही गप्प राहिल्या.

परिणाम आकड्यांत बघावा. 1998 मध्ये निव्वळ नफा सुमारे 22.8 कोटी डॉलर होता, तो 2024 मध्ये 266 कोटींवर गेला, जवळपास बारापट. पण एका शेअरमागचा नफा 1.48 डॉलरवरून 149.55 डॉलरवर गेला, म्हणजे शंभरपट! मधला फरक शेअरांच्या वजाबाकीचा आहे. 1998 मध्ये पंधरा कोटींहून जास्त शेअर होते. 2024 मध्ये उरले सुमारे 1.7 कोटी. सव्वीस वर्षांत कंपनीनं 3,600 कोटी डॉलरांहून अधिक रक्कम या एका खरेदीत ओतली. लाभांश म्हणून एक सेंटही दिला नाही.

एवढी वजाबाकी केल्यावर ताळेबंदाचं व्हायचं तेच झालं. 2009 सालच्या आर्थिक वर्षअखेरीला भागधारकांचं नक्त मूल्य उणे 43 कोटी डॉलरांच्या आसपास होतं, आणि पुढे ते आणखी खाली जात 2024 मध्ये उणे 470 कोटींच्या पलीकडे पोचलं. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी हा ताळेबंद पाहून कंपनी बुडाली असं लिहील आणि त्याला चूक म्हणणं अवघड जाईल. मात्र ही कंपनी त्या काळात दर शंभर डॉलरांच्या विक्रीमागे वीस डॉलरांच्या घरात कार्यकारी नफा मिळवत होती. किराणा दुकानदाराच्या स्वप्नातही हा आकडा येत नाही.

2009 हे साल योगायोगानं आलेलं नाही. आदल्या वर्षी वित्तीय संकटानं अमेरिका हादरली. 2007 मध्ये देशात 1.6 कोटी नव्या गाड्या विकल्या गेल्या होत्या, 2009 मध्ये ती संख्या एक कोटीच्या जवळ आली. क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या कोर्टात उभ्या राहिल्या. पण नवी गाडी न घेणारा माणूस जुनी गाडी चालवतच असतो. सात वर्षांपुढच्या, वॉरंटी संपलेल्या आणि कुरकुरायला लागलेल्या गाड्या हेच ऑटोझोनचं खरं शेत. 2008 मध्ये अमेरिकी बाजाराचा प्रमुख निर्देशांक 38 टक्क्यांच्या आसपास घसरला, आणि ऑटोझोनचा शेअर मात्र वर्ष संपताना सुरुवातीपेक्षा वरच होता. 2009 च्या आर्थिक वर्षात कंपनीच्या जुन्या दुकानांची विक्री चार टक्क्यांहून जास्त वाढली. त्या उन्हाळ्यात सरकारनं जुन्या गाड्या मोडीत काढणाऱ्यांना अनुदान दिलं आणि सुमारे 6.8 लाख गाड्या भंगारात गेल्या. त्यांची इंजिनं पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून त्यांत सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतून ती चालवून चालवून जाम केली जात. सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांनी विरोध केला. तो फुकटच गेला म्हणा, कारण देशात रस्त्यावर जवळपास 25 कोटी गाड्या होत्या आणि त्या दर वर्षी म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. 2024 मध्ये अमेरिकेतल्या गाडीचं सरासरी वय 12.6 वर्षांवर पोचलं.

इथवरची गोष्ट वाचून कुणीही म्हणेल की शेअर विकत घेणं हाच श्रीमंतीचा मंत्र. लॅम्पर्टही तसंच समजला असावा. 2003 मध्ये त्यानं दिवाळखोरीतून बाहेर पडणाऱ्या केमार्ट या दुकानसाखळीचा ताबा घेतला आणि 2005 मध्ये केमार्टला सिअर्सशी जोडलं. सिअर्स म्हणजे शतकभर अमेरिकेच्या घराघरांत कॅटलॉग पोचवणारं नाव. तिथंही त्यानं तेच केलं: दुकानांवरचा खर्च आखडला आणि काही वर्षांत सुमारे 600 कोटी डॉलरांचे शेअर विकत घेतले. गळकी छपरं आणि रिकाम्या फळ्या पाहून गिऱ्हाईक शेजारच्या वॉलमार्टमध्ये गेलं. ऑक्टोबर 2018 मध्ये सिअर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

माणूस तोच, कृती तीच. मग एकीकडे सोनं आणि दुसरीकडे राख का? मला वाटतं, उत्तर काउंटरवर आहे. शर्ट घ्यायला निघालेल्या माणसाला शंभर दुकानं आहेत आणि घाई नाही. सोमवारी सकाळी कामावर जाताना गाडी सुरूच झाली नाही, तर स्टार्टर त्याच दिवशी हवा असतो, आणि तो ज्याच्याकडे असेल त्याचा भाव मुकाट्यानं दिला जातो. शंभर डॉलरांच्या मालावर पन्नासहून जास्त ढोबळ नफा राहतो तो यामुळे. सिअर्सकडे गिऱ्हाइकाची अशी अडचण कधी नव्हती.

मात्र हा माल फळीवर असावा लागतो, आणि लॅम्पर्टच्या कडक वर्षांत ऑटोझोनच्या फळ्याही विरळ व्हायला लागल्या होत्या. 2003 नंतर जुन्या दुकानांची विक्री वाढायची थांबली. 2005 च्या मार्चमध्ये ओडलंड ऑफिस डेपोकडे गेले आणि 39 वर्षांचे बिल रोड्स त्यांच्या खुर्चीवर आले. रोड्स हिशेबतपासनिसाच्या कामातून वर आलेले. त्यांनी पुनर्खरेदी थांबवली नाही, पण पैसा पुन्हा मालाकडे वळवला. काही मोठी दुकानं 'हब' म्हणून निवडून तिथं दुर्मीळ भाग साठवायचे आणि आजूबाजूच्या दुकानांना दिवसातून अनेकदा पोचवायचे, असं जाळं विणलं. पुढे यातली सगळ्यात मोठी दुकानं एक लाखाच्या घरात वस्तू ठेवू लागली. रोड्स 2024 च्या जानेवारीपर्यंत, जवळपास एकोणीस वर्षं, त्या खुर्चीवर होते. लॅम्पर्ट 2006 मध्ये संचालक मंडळावरून उतरला. पण त्याचे शेअर त्यानं बराच काळ धरून ठेवले आणि बाकीचे कमी होत गेल्यामुळे त्याचा वाटा आपसूक वाढत चाळीस टक्क्यांच्या घरात गेला. मग सिअर्स ढासळत असताना तो हे शेअर विकत गेला. जे झाड आपल्याआप वाढत होतं ते त्यानं तोडलं आणि विझती चूल धरून ठेवली.

ऑटोझोनला खरी टक्कर मिळाली ती मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डहून. चार्ल्स ओ'रायली 1914 पासून या धंद्यात फिरतीचे विक्रेते होते. 1957 मध्ये ते 72 वर्षांचे असताना, ज्या पेढीत उमेदीची वर्षं घातली तिनं त्यांना निवृत्त करायचं आणि त्यांचा मुलगा चार्ल्स, ज्याला 'चब' म्हणत, त्याला कॅन्सस सिटीला धाडायचं ठरवलं. बापलेकांनी दोन्ही नाकारलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्वतःचं दुकान थाटलं. एकूण माणसं तेरा. पहिल्या वर्षाची विक्री सात लाख डॉलर. घरी दुरुस्ती करणारा गाडीमालक आणि गॅरेजवाला या दोघांनाही एकाच काउंटरवरून सारखंच जपायचं, ही ओ'रायलींची सवय पुढे कंपनीचं धोरण झाली. 1993 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि 2008 च्या जुलैमध्ये, सगळे घाबरून हात आखडत असताना, तिनं पश्चिमेकडची तेराशेहून जास्त दुकानांची सीएसके ऑटो ही साखळी घेतली. शेअरांची पुनर्खरेदी तिनं सुरू केली ती मात्र 2011 मध्ये, गोदामं आणि रात्रीच्या गाड्यांचं जाळं पक्कं झाल्यावर. मला हा क्रम जास्त शहाणपणाचा वाटतो. बाजारानंही पुढे ओ'रायलीला ऑटोझोनपेक्षा वरचं मोल दिलं.

क्रम उलटा केला तर काय होतं, ते ॲडव्हान्स ऑटो पार्ट्सनं दाखवलं. 1932 साली आर्थर टॉबमन यांनी व्हर्जिनियात घेतलेल्या तीन दुकानांपासून वाढलेली ही साखळी. 2014 च्या आरंभी तिनं कारक्वेस्ट आणि वर्ल्डपॅकची मालक असलेली जनरल पार्ट्स ही कंपनी 200 कोटी डॉलरांहून जास्त किमतीला घेतली आणि एका रात्रीत देशातल्या सगळ्यात मोठ्या साखळ्यांत जाऊन बसली. पण गोदामं वेगळी, संगणक वेगळे, मालाचे क्रमांक वेगळे. हे सगळं एकत्र करण्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं. प्रतिस्पर्ध्यांचा कार्यकारी नफा विक्रीच्या वीस टक्क्यांच्या घरात असताना ॲडव्हान्सचा दहाच्याही खाली रेंगाळत होता. त्या अवस्थेतच 2021 आणि 2022 या दोन वर्षांत कंपनीनं शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम शेअर विकत घेण्यात घातली आणि लाभांशही भरघोस वाढवला. 31 मे 2023 ला तिमाही लाभांश दीड डॉलरवरून पाव डॉलरवर आणल्याचं तिनं जाहीर केलं. त्या एका दिवसात शेअर सुमारे 35 टक्के पडला. 2024 मध्ये वर्ल्डपॅक 150 कोटी डॉलरांना कार्लाइल या गुंतवणूक कंपनीला विकावी लागली, पाचशेहून जास्त दुकानं बंद करण्याचा निर्णय झाला आणि पश्चिम किनाऱ्यावरून कंपनीनं गाशा गुंडाळला.

ॲडव्हान्सच्या फळीवर आज 'डायहार्ड' नावाची बॅटरी असते. 1967 पासूनचं सिअर्सचं हे नाव 2019 च्या अखेरीस ॲडव्हान्सनं 20 कोटी डॉलरांना घेतलं, आणि विकणारी होती सिअर्सचे अवशेष सांभाळणारी लॅम्पर्टचीच कंपनी.

ऑटोझोनमध्ये अलीकडे हिशोबाचा काटा हलला आहे. रोड्स यांच्यानंतर आलेले प्रमुख फिल डॅनियल यांनी दुकानं उघडण्याचा वेग वाढवायला घेतला. 2028 च्या सुमाराला अमेरिका, मेक्सिको आणि ब्राझील मिळून वर्षाला पाचशे दुकानांपर्यंत जाण्याचा बेत आहे. 2024 च्या आर्थिक वर्षात शेअर विकत घेण्यावर 300 कोटी डॉलरांहून जास्त गेले होते, आणि दुकानं, हब व गोदामांवर त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. 2025 मध्ये शेअरांवर सुमारे 150 कोटी आणि दुकानं-गोदामांवर 130 कोटींहून अधिक खर्च झाले. त्या वर्षी एका शेअरमागचा नफा 149.55 डॉलरवरून 144.87 डॉलरवर उतरला.